शरीराचं पासबुक

शाम्पू, डिओ, लिपस्टिक, पार्सल, पावती... रोज थोडं थोडं केमिकल आपल्या अंगात जमा होत असतं. त्यातलं किती निघून जातं आणि किती आत मुक्काम ठोकतं? महिनाअखेरीला बँकेचा बॅलन्स चेक करणाऱ्या प्रत्येकाने एकदा हाही बॅलन्स बघायलाच हवा!

टूथपेस्ट, फेसवॉश, शाम्पू, कंडिशनर, बॉडीवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, डिओ, काजळ, लिपस्टिक. घराबाहेर पाऊल टाकायच्या आत दहा प्रॉडक्ट्स झालीसुद्धा! मुलांनो, हसू नका. शेव्हिंग फोम, आफ्टरशेव्ह, हेअर जेल, परफ्यूम धरलं तर तुमचीही यादी फार मागे नाही. मग स्टेशनबाहेर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला वडापाव. दुपारी प्लास्टिकच्या डब्यातून आलेली गरमागरम ग्रेव्ही. संध्याकाळी सुपरमार्केटची फूटभर लांब पावती, ती पर्समध्ये कोंबायची आणि ट्रेन पकडायची.

यातलं काहीच विष नाही. निदान आपण त्याला विष म्हणत नाही. पण या प्रत्येक गोष्टीतून काहीतरी कणाकणाने त्वचेतून, पोटातून, श्वासातून आत जात असतं. शास्त्रज्ञांनी या साठ्याला नाव दिलंय, ‘बॉडी बर्डन’. म्हणजे अंगावरचं नव्हे, अंगातलं ओझं!

हे ओझं मोजायचं कसं? डेव्हिड यूइंग डंकन या अमेरिकन पत्रकाराने ते स्वतःवरच मोजून घेतलं. ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या ऑक्टोबर २००६ च्या अंकासाठी त्याने आपलं रक्त आणि लघवी ३२० केमिकल्ससाठी तपासायला दिली. सापडली १६५! त्यात शिसं होतं, पारा होता, बंदी येऊन जमाना लोटलेली कीटकनाशकं होती. आग लागू नये म्हणून फोम आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये घालतात त्या पीबीडीई गटातल्या एका केमिकलचं प्रमाण तर सर्वसाधारण अमेरिकन माणसाच्या दहापट निघालं. सततचा विमानप्रवास हे त्याचं कारण असावं, असा अंदाज होता. या सगळ्या तपासण्यांचा खर्च होता साधारण १५ हजार डॉलर.

मीही हौसेने आमच्या इथल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये विचारून आले. काउंटरवरचा मुलगा गोड हसून म्हणाला, “मॅडम, फुल बॉडी चेकअपवर ऑफर आहे.” त्या फुल बॉडीत साखर होती, थायरॉइड होतं, व्हिटॅमिन डी होतं. शिसं, पारा यांची टेस्ट वेगळे पैसे भरून मिळणार होती. प्लास्टिक किंवा नॉनस्टिकमधल्या केमिकल्सचं नाव काढल्यावर मात्र त्याने माझ्याकडे असं काही बघितलं, की मी साखरेची टेस्ट करून निमूट परत आले!

पण मोजमाप हातात नसलं तरी हिशेब समजून घेता येतो. तो समजला, की घाबरायचं कशाला आणि सोडून द्यायचं काय, हेही कळतं.

आत किती येतं, बाहेर किती जातं

बँकेचा बॅलन्स दोन गोष्टींवर ठरतो, जमा आणि खर्च. शरीराचंही तसंच. आत किती आलं एवढंच बघून भागत नाही, ते किती वेगाने बाहेर जातं हेही तितकंच महत्त्वाचं. या वेगाचं माप म्हणजे हाफ-लाइफ, मराठीत अर्धायुष्य. एखाद्या पदार्थाची आवक आज बंद केली, तर अंगातला साठा निम्मा व्हायला लागणारा वेळ. काही केमिकल्सना काही तास लागतात, काहींना महिने, काहींना वर्षं, तर काहींना अख्खी उमेद खर्ची पडते.

आपल्या पिढीला ही भाषा सांगायला नकोच. चहाचा खर्च, मोबाइलचा ईएमआय, कार लोन आणि होम लोन! अंगातल्या केमिकल्सच्याही अशाच चार तऱ्हा आहेत.

चहाचा खर्च : काही तास

पहिल्या गटात आपले बाथरूमच्या फळीवरचे आणि किचनमधले रोजचे सोबती. क्रीम टिकावं म्हणून घातलेले पॅराबेन्स. सुगंध रेंगाळावा आणि प्लास्टिक मऊ राहावं म्हणून वापरलेले थॅलेट्स. कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये आणि टिनच्या डब्यांच्या आतल्या अस्तरात असणारं बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए.

या मंडळींचं दुखणं म्हणजे ती हार्मोन्सची नक्कल करतात किंवा त्यांच्या कामात नाक खुपसतात. बीपीएचा गुण तर १९३० च्या दशकातच कळला होता. चार्ल्स डॉड्स हे ब्रिटिश शास्त्रज्ञ तेव्हा कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते आणि बीपीए त्यांच्या चाचणीत इस्ट्रोजेनसारखं वागलं होतं. औषध म्हणून ते मागे पडलं आणि पुढे प्लास्टिकच्या धंद्यात भरभराटीला आलं!

दिलासा असा, की बीपीए काही तासांत लघवीवाटे निघून जातं, थॅलेट्सही साधारण दिवसाभरात. मग ओझं कसलं? ओझं आपल्या सवयीचं. एक चहा संपायच्या आत दुसरा येतो ना, तसंच. अमेरिकेत २००३-०४ मध्ये अडीच हजारांवर लोकांची लघवी तपासली तेव्हा ९३ टक्के लोकांत बीपीए सापडलं. ते टिकून राहत नाही, पण आपण ते संपूच देत नाही.

याच गटात आपल्या हातात सर्वांत जास्त आहे. तीन प्रयोग सांगते, तिन्ही खरे आणि तिन्ही मजेदार.

२०११ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ७५ जणांना पाच दिवस रोज टिनमधलं सूप दिलं. ताजं सूप प्यायलेल्या दिवसांच्या तुलनेत लघवीतलं बीपीए १२०० टक्क्यांहून जास्त वाढलं!

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांना तीन दिवस फक्त ताजं, प्लास्टिकला न लागलेलं अन्न दिलं गेलं. बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी उतरलं. तीनच दिवसांत!

आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शंभर किशोरवयीन मुलींनी तीन दिवस नेहमीची कॉस्मेटिक्स बाजूला ठेवून पॅराबेन्स, थॅलेट्स नसलेली वापरली. दोन मुख्य पॅराबेन्स ४४-४५ टक्क्यांनी घटले, सुगंधांत असणाऱ्या थॅलेटचा अंश २७ टक्क्यांनी.

आता पावतीकडे या. एटीएमची स्लिप, मॉलचं बिल यांच्यावर शाई नसतेच. थर्मल पेपरवर पावडरीचा थर असतो, उष्णता लागली की अक्षरं उमटतात. त्या थरात बऱ्याचदा बीपीए किंवा त्याचा चुलतभाऊ बीपीएस असतो आणि तो बोटांना लागतो. हाताला सॅनिटायझर किंवा क्रीम चोपडून पावती धरली, तर त्वचेतून आणखी आत जातो. तेव्हा दिवसभर पावत्या फाडणाऱ्या कॅशियरचा विचार करा, आणि आपली पावती नको असेल तर आधीच सांगा.

आणि हो, ‘बीपीए-फ्री’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. अनेकदा त्या जागी बीपीएस आलेलं असतं आणि हार्मोन्सच्या बाबतीत त्याचेही गुण फारसे वेगळे नाहीत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा एका फटक्यात २० हजार पटींनी खाली आणली. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंतून बीपीए हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटल्यांच्या २०१५ च्या मानकाने त्यातून ते आधीच बाहेर काढलंय. मोठ्यांच्या टिफिनचं काय, हा प्रश्न उरतोच!

मोबाइलचा ईएमआय : काही महिने

दुसऱ्या गटाचा नायक, खरं तर खलनायक, पारा. आणि तो येतो चक्क गोरेपणाच्या वाटेने!

पाऱ्याचे क्षार त्वचेतलं मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रिया अडवतात, म्हणून चेहरा चटकन उजळ दिसतो. चार दिवसांत फरक दिसला, की क्रीम ‘भारी’ ठरतं आणि मैत्रिणींच्या घोळक्यात डबी फिरू लागते. पण पारा चेहऱ्यावर थांबत नाही. तो रक्तात जातो, मूत्रपिंडात साठतो आणि निम्मा व्हायलाच एक-दोन महिने घेतो. रोज लावलं, की हप्त्यावर हप्ता चढतो.

केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांकडे २०२१ ते २०२३ दरम्यान मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण आले. त्यातल्या १५ जणांत आजाराची एक दुर्मीळ जात निघाली आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम्स वापरत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली. हे सगळं केरळातच घडतं असं समजू नका. २०२३ मध्ये अकोल्यातून आणि २०२४ मध्ये नवी मुंबईतून अशाच केसेसच्या बातम्या आल्या होत्या.

भारतीय कायद्याने कॉस्मेटिक्समध्ये मुद्दाम पारा घालायला मनाई आहे. नकळत आलेला अंशही दहा लाखात एक भाग एवढाच चालतो, डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी वेगळी मर्यादा आहे. म्हणजे ज्या डबीवर घटकांची यादी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, ती पार्लरवालीने कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका. अशी क्रीम वापरून पाय किंवा चेहरा सुजत असेल, लघवीला फेस येत असेल, तर तडक डॉक्टरांकडे जा. जाताना ती डबीही बरोबर न्या!

कार लोन : काही वर्षं

तिसरा गट म्हणजे ‘फॉरएव्हर केमिकल्स’, पीफास. कार्बन आणि फ्लोरिन यांची जोडी इतकी घट्ट, की ऊन-पाऊस, जिवाणू, आपलं लिव्हर यांपैकी कोणालाच ती सहजी तुटत नाही. या कुटुंबात हजारो पदार्थ आहेत. डाग न धरणारा सोफा, पाणी झटकणारं जॅकेट, तेल न शोषणारं खाद्यपदार्थांचं वेष्टण आणि टेफ्लॉन बनवण्याच्या प्रक्रियेत वर्षानुवर्षं वापरलेलं पीएफओए, ही सगळी त्यांचीच करामत. पीएफओए शरीरात निम्मं व्हायला साधारण अडीच ते तीन वर्षं लागतात. आज नळ बंद केला, तरी सहा वर्षांनी पाव हिस्सा शिल्लक!

ते काय करतं, हे जगाला कळलं ते अमेरिकेतल्या पार्कर्सबर्ग गावामुळे. ‘डार्क वॉटर्स’ हा २०१९ चा सिनेमा पाहिला असेल, तर गोष्ट माहीत आहे. विल्बर टेनंट या शेतकऱ्याच्या गायी एकामागून एक मरत होत्या. रॉब बिलॉट या वकिलाने १९९९ मध्ये ड्युपाँटवर खटला भरला. पुढच्या खटल्यातल्या तडजोडीतून सुमारे ६९ हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं. नेमलेल्या शास्त्रज्ञांनी २०१२ पर्यंत पीएफओएचा संभाव्य संबंध सहा आजारांशी जोडला. मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याला सूज आणणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, गरोदरपणातला रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल. २०२३ च्या अखेरीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

“मग माझा नॉनस्टिक तवा फेकू का?” हा प्रश्न मला एव्हाना डझनभर लोकांनी विचारलाय. तयार तव्यात पीएफओएचा अंश फारच थोडा असतो. खरा धोका होता तो कारखान्याच्या सांडपाण्यात आणि त्यातून गावाच्या पिण्याच्या पाण्यात. तवा रिकामा ठेवून लालबुंद तापवू नका, कोटिंग सोलवटलं की बदला. बिडाचा तवा आणलात तर उत्तमच, आजीही खूश होईल.

हे सगळं लांबच्या अमेरिकेत चाललंय असं वाटत असेल, तर नकाशावर जरा जवळ या. इटलीच्या व्हेनेटो प्रांतात ट्रिसिनो गावी मितेनी नावाची पीफास बनवणारी कंपनी होती. तिच्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी दूषित झालं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. जून २०२५ मध्ये व्हिचेंझाच्या कोर्टाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. आणि त्या कारखान्याची यंत्रसामग्री? ती एका भारतीय केमिकल उद्योगसमूहाने विकत घेतली आणि आणली रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुराम एमआयडीसीत!

यंत्रं आली म्हणजे प्रदूषण आलंच, असं म्हणता येत नाही. पण पाणी तपासायचं झालं तर कशाशी ताडून बघायचं? अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओएची मर्यादा एक लाख कोटीत चार भाग एवढी कडक ठेवली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या आयएस १०५०० या मानकात पीफासचा रकानाच नाही.

होम लोन : काही दशकं

चौथा गट सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट. डीडीटी आपल्या चरबीत मुरतं. शेतीसाठी त्यावर १९८९ मध्ये बंदी आली, पण मातीतून, अन्नातून ते अजून फिरतंय. आणि शिसं! शरीराला ते कॅल्शियमसारखं भासतं, म्हणून ते थेट हाडांत जाऊन बसतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, हाडातल्या शिशाला मात्र वीस-तीस वर्षंही लागू शकतात.

इथे मला जरा दचकायला झालं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झालं ते २००० मध्ये. म्हणजे नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात जन्मलेल्या आपल्या अख्ख्या बॅचने पहिले श्वास घेतले ते शिशाच्या धुरात! १९९७ मध्ये सात शहरांत मुलांच्या रक्ताची पाहणी झाली. मुंबईतल्या जवळपास ६२ टक्के मुलांत शिशाचं प्रमाण डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघालं. आज जागतिक आरोग्य संघटना पाचालाच धोक्याची घंटा वाजवते आणि सुरक्षित पातळी अशी नाहीच, असं सांगते. कारण शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं आणि मोठ्यांचा रक्तदाब वाढवतं.

माझी एक मैत्रीण सध्या सहाव्या महिन्यात आहे. तिला हे सांगत होते, तर ती वैतागून म्हणाली, “अगं, मग मी काय करू? श्वास घेणं सोडू?”

प्रश्न चेष्टेचा नव्हता. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं आणि त्याच्याबरोबर जुनं शिसंही. आईचं होम लोन बाळाच्या खात्यात! पण इथेही मार्ग आहे. मेक्सिकोत गरोदर बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, तेव्हा रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिलं. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या ‘विसरले’ म्हणून टाळायच्या नाहीत. आणि अंगावरचं दूध? पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला या सगळ्यानंतरही कायम आहे. दुधाचे फायदे कितीतरी मोठे आहेत. मैत्रिणीला हे सांगितलं, तेव्हा कुठे तिने समोरचा डोसा पुढे ओढला!

डिटॉक्सच्या नावानं...

“एवढंच ना? मी दर रविवारी डिटॉक्स ज्यूस पितो की!” असं एखादा म्हणेलच. प्या, काकडी-पुदिना छानच लागतो. पण त्याने पीफास हलत नाही आणि हाडातलं शिसं तर मुळीच नाही. तळपायाला पट्टी लावून रात्रीत विष शोषून घेणाऱ्या जाहिरातींबद्दल न बोललेलंच बरं. शिसं बाहेर काढणारी चिलेशनची औषधं आहेत, पण ती विषबाधेच्या रुग्णांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नेटवरून मागवून घ्यायची नव्हेत.

पीफासचं प्रमाण खरोखर कमी करून दाखवलेला एक उपाय मात्र फारच देशी वाटेल, रक्तदान! ऑस्ट्रेलियात २८५ अग्निशमन कर्मचाऱ्यांवर वर्षभर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. प्लाझ्मा किंवा रक्त देत राहिलेल्यांच्या अंगातलं पीफास उतरलं, प्लाझ्मा देणाऱ्यांचं जास्त. आग विझवायच्या फेसात पीफास असल्याने त्यांच्या अंगात ते मुळातच जास्त होतं.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. केमिकल सापडलं म्हणजे आजार झाला, असं नव्हे. किती, कोणत्या वयात आणि किती काळ, यावर सगळं ठरतं. पोटातलं बाळ आणि लहान मुलं यांना सर्वांत जपायचं, ते याचसाठी.

एवढं नक्की करा

- गरम जेवण प्लास्टिकच्या डब्यात भरू नका, त्यातच मायक्रोवेव्हही करू नका. स्टीलचा टिफिन आणि काचेचा बाऊल जिंदाबाद!
- वडापाव वर्तमानपत्रात नको. छपाईच्या शाईत शिशासह बरंच काही असू शकतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्येही याबद्दल बजावलं होतं.
- दहा प्रॉडक्ट्सची सहा करून बघा. नुसतं ‘फ्रॅगरन्स’ लिहिलेलं आधी कमी करा.
- पावती मोबाइलवर मागा.
- हळद खात्रीच्या ठिकाणची घ्या. रंग खुलावा म्हणून काही ठिकाणी तिच्यात शिशाचं पिवळं रसायन मिसळतात.
- जुन्या घराचा रंग खरवडताना मुलांना आणि गरोदर बाईला तिथे थांबू देऊ नका. भारतात रंगातल्या शिशावर कडक मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीचे थर भिंतीवर असू शकतात.
- फरशी ओल्या फडक्याने पुसा. घरातल्या धुळीतही ही सगळी मंडळी असतात.

ही यादी पाळलीत, तर पहिल्या दोन गटांचा बॅलन्स नक्की उतरेल. पण कार लोन आणि होम लोन? ते खरेदीच्या यादीने फिटत नाही. ते फेडायचा रस्ता वेगळा आहे आणि तो एकदा आपल्याच शहरात यशस्वी झालाय.

मुंबईतल्या ज्या पाहणीत १९९७ मध्ये ६२ टक्के मुलांच्या रक्तात जास्त शिसं सापडलं होतं, तशीच पाहणी पेट्रोल बदलल्यानंतर २००२ मध्ये झाली. आकडा साधारण ३३ टक्क्यांवर आला होता. स्वीडनमध्ये आयांच्या दुधातलं पीबीडीई १९७२ ते १९९७ या काळात दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलं होतं. वापर थांबला, तसं तेही उतरू लागलं. मुंबईतल्या त्या मुलांच्या आईवडिलांनी काही ऑरगॅनिक शाम्पू आणले नव्हते, डिटॉक्सही केलं नव्हतं. सरकारने पेट्रोल बदललं आणि पाच वर्षांत लाखो मुलांचं पासबुक बदललं. श्रीमंतांचंही आणि सिग्नलवर फुलं विकणाऱ्यांचंही.

तेव्हा आपला टिफिन स्टीलचा कराच. आणि आपल्या गावच्या पाण्यात पीफास मोजतात का, हे पालिकेला, आमदाराला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला एकदा विचाराच. माहितीचा अर्ज करायला दहा रुपये लागतात. कटिंग चहाही आता त्याहून महाग झालाय!